कामाची पावती

२०१२ सालची गोष्ट. मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला होता. शेतात काम नव्हते. आम्ही वीस-पंचवीस जण ग्रामपंचायतीत गेलो. "आम्हांला काम द्या," असे तोंडी सांगून आलो. तीन आठवडे वाट पाहिली. काम काही आले नाही.

मग आम्ही बेकारभत्ता मागितला. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यात तसे लिहिलेच होते. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता द्यायचा. पहिले ३० दिवस निदान चौथा हिस्सा मजुरी, पुढे निदान निम्मी. तेव्हा मजुरी होती १४५ रुपये. तिचा चौथा हिस्सा ३६ रुपये २५ पैसे. हिशेब आम्ही बोटांवर केला!

ग्रामसेवक म्हणाले, "मागणीची पावती दाखवा."

पावती कुठली? ती कुणी दिलीच नव्हती. खरे तर तारीख घालून पावती देणे हे कचेरीचेच काम. पण कागद नाही, म्हणून दिवसांची मोजणीच नाही. आम्हांला फार राग आला.

आणखी एक नियम बघा. कामाचा निरोप आल्यावर मजूर १५ दिवसांत हजर झाला नाही, तर तीन महिने भत्ता बंद. मजूर चुकला की लगेच शिक्षा!

दुसऱ्या खेपेला आम्ही अर्ज लिहून नेला. सही येत होती त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठा. पावती घेतली. तिच्यावरची तारीख तिथेच उभे राहून दोनदा वाचली. तेराव्या दिवशी पाझर तलावाच्या कामाचा निरोप आला.