पाणचक्की आणि मेंदू

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. डोंगरातले पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी तेथे आणले होते. नळ तुंबले, की जाते थांबलेच!

मेंदूचेही तसेच. त्याचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. तो पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या शेवटी केसाहूनही बारीक होतात. रक्तदाब किंवा रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड व कडक होतात आणि पलीकडच्या पेशी उपाशी मरतात. उतारवयातील स्मृतिभ्रंशाचे हे एक मोठे कारण होय. अल्झायमरचा विकार निराळा. त्यात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचतात. पुष्कळ वृद्धांत दोन्ही एकत्र आढळतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती सारी दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा तिचा अंदाज आहे. (अंदाज, हमी नव्हे.) यादीत धूम्रपान आणि बैठेपणा आहेतच, पण बहिरेपणाही आहे! ऐकू येईनासे झाले, की माणूस गप्पांतून उठून जातो. अमेरिकेतील एका प्रयोगात श्रवणयंत्रांमुळे, धोका अधिक असलेल्या वृद्धांचा बौद्धिक ऱ्हास ३ वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावला. इतर निरोगी वृद्धांत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा आजोबा वारंवार "काय म्हणालास?" असे विचारू लागले, तर वयावर ढकलू नका, त्यांचे कान तपासून घ्या.

आणि क्रांती चौकातून दुचाकीवर मागे बसून जाताना शिरस्त्राण तुम्हीही घाला. डोक्याला बसलेला मारही त्याच यादीत आहे.