कर्करोगाचा रुग्ण आणि सांभाळणारे घर

कर्करोगाचे उपचार अनेकदा सहा महिने, वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालतात. घरातला पैसा संपला किंवा शुश्रूषा करणारे माणूस थकून गेले, की उपचार अर्धवट सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून या दोन्ही गोष्टींची आखणी निदान झाल्याबरोबर करावी लागते.

खर्च म्हटला की शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन डोळ्यांपुढे येतात. तपासण्या, प्रवास, शहरातला मुक्काम आणि बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजा यांचा हिशेब मात्र राहून जातो. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालते. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला तेवढा काळ तिथेच राहावे लागते. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा येथे अशा रुग्णांची राहण्याची सोय होते. तेच रेडिएशन गावाजवळच्या केंद्रात घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सोबत्याला 75 टक्के सवलत आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. मात्र ते अंगीकृत रुग्णालयातच आणि ठरलेल्या उपचारांसाठीच असतात. त्यामुळे अनामत भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका, आधार कार्ड आणि बायोप्सीचा अहवाल दाखवावा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी 10 टक्के खाटा राखीव असतात. त्याची चौकशी तिथल्या समाजसेवा विभागात करावी. शेत विकण्यापूर्वी किंवा सावकाराचे कर्ज काढण्यापूर्वी एक प्रश्न स्पष्ट विचारावा: या उपचाराने आजार बरा होणार आहे, आयुष्य वाढणार आहे, की केवळ त्रास कमी होणार आहे?

शुश्रूषेचा भार बहुतेक घरांत एकाच व्यक्तीवर, बहुधा पत्नी, सून किंवा मुलीवर पडतो. झोपमोड, अंगदुखी, चिडचिड, स्वतःची रक्तदाबाची गोळी चुकणे ही थकव्याची पहिली लक्षणे. रुग्णावर रागावल्याची किंवा घटकाभर विश्रांती घेतल्याची अपराधी भावनाही तिला छळते. रात्रीची जागरणे, रुग्णालयाच्या फेऱ्या आणि पैशांचे व्यवहार वेगवेगळ्या माणसांनी वाटून घ्यावेत. लांब राहणाऱ्या भावंडांनी निदान कागदपत्रे आणि फोन सांभाळावेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश किंवा जगण्याचा कंटाळा राहिला, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.

रुग्णापासून आजार लपवणे घराला दयाळूपणाचे वाटते. पण रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेलाच असतो आणि मग दोघेही आपापल्या जागी एकटे पडतात. त्याला जेवढे जाणून घ्यायचे आहे तेवढे, त्याच्याच गतीने आणि डॉक्टरांच्या मदतीने सांगावे.

काळजीवाहकाला दोन गोष्टी पाठ असाव्यात. केमोथेरपीनंतर ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. दुसरे, डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन व्यसनाच्या भीतीने रोखून धरू नये. ठरल्या मात्रेत, ठरल्या वेळी दिल्यास ते वेदना आटोक्यात ठेवते.

परिहारक उपचार (पॅलिएटिव्ह केअर) अखेरच्या दिवसांसाठीच असतात, हा समज चुकीचा आहे. आजाराच्या सुरुवातीपासून ते मूळ उपचारांसोबत घेता येतात, आणि रुग्णाबरोबरच त्याच्या कुटुंबाला आधार देणे हेही त्यांचे काम आहे. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्रात ही सेवा मोफत मिळते. पहिल्या महिन्यातच डॉक्टरांकडे या उपचारांची विचारणा करावी.