आधी विचारा, मग हात द्या

आजचं वाचन महिपतींच्या ‘भक्तविजया’तलं (१७६२), संत कूर्मदासांची कथा.

कूर्मदास आपल्या मराठवाड्यातल्या पैठणचे. हात-पाय नव्हते. सरपटत पंढरीला निघाले आणि माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोचले. एकादशी तोंडावर आली, पुढं जाणं होईना. तेव्हा वारकऱ्यांकडं त्यांनी विठ्ठलाला निरोप दिला: मला येणं होत नाही, तूच ये. आणि देव आला. लऊळला त्यांचं मंदिर आहे.

कीर्तनात आपले डोळे भरून येतात ते त्या सरपटण्यावर. मला मात्र निरोप मोठा वाटतो. काय हवंय ते कूर्मदासांनी स्वतः सांगितलं. देवानं ते ऐकलं.

आपण ऐकतो का? आमच्या चाकूरकडं सप्ताहाच्या पंगतीत अंध मामा बसले की वाढपी सोबतच्या पोराला विचारतो, “ह्यांना भात वाढू का?” अरे, मामांना डोळ्यांनी दिसत नाही, ऐकू तर येतंय ना! सरळ त्यांनाच विचारायचं. “मामा, भाकरी डाव्या हाताला, आमटी समोर” असं सांगितलं की ते निवांत जेवतात. मंडपातून नेताना काहीजण दंड धरून ओढतात, काठीच पकडतात. आधी आपलं नाव सांगा, “सोबत येऊ का?” विचारा. हो म्हणाले तर आपलं कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढं चाला. पायरी आली की सांगा. नको म्हणाले, तर नको. त्यात रागावण्यासारखं काय आहे? निघतानाही सांगून निघा, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत बसतात.

व्हीलचेअर ही त्या माणसाच्या शरीरासारखीच, न विचारता ढकलू नका. ऐकू येत नसेल त्याच्याशी ओरडून नको, तोंडासमोर येऊन बोला. आणि दर्शनाला आलेल्या दिव्यांग भाविकाच्या हातात दहाची नोट कोंबू नका. तोही आपल्यासारखा दर्शनालाच आलाय हो!

सगळ्यात जास्त लागतं ते “मागच्या जन्मीचं” हे वाक्य. देवळात, आईच्या देखत, लेकराकडं बघून लोक बोलतात. कुणाच्या कर्माची वही देवानं आपल्याकडं दिलेली नाही. २०१६ च्या कायद्यानं सन्मानानं जगण्याचा हक्क लिहून दिलाय, पण ही जीभ कोणता कायदा आवरणार?

उलट बाजूचं कौतुकही जड होतं कधीकधी. गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणी अंध झाले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. आपण “डोळे नसताना बघा कसं!” एवढ्यावरच थांबतो. त्यांनी मधुराद्वैतात काय सांगितलं, ते कितीजणांनी वाचलंय?

उद्या सावता महाराज. विठ्ठल लऊळच्या वाटेवर अरणला त्यांच्या मळ्यात थांबला होता, ती कथा वाचू.