विद्युत-आकडी उपचार आणि नैराश्यग्रस्त मेंदू : रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहिती

ज्या उपचाराचे नुसते नाव काढले तरी घरातील माणसे धास्तावतात, त्याची ओळख आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना करून देण्यासाठी हा लेख आहे. लोक त्यास ‘शॉक’ वा ‘झटके’ म्हणतात; वैद्यकीय परिभाषेत तो विद्युत-आकडी उपचार, म्हणजेच ईसीटी होय. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचे प्रशासन पाहतो. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाईक जे प्रश्न विचारतात, त्यांच्याच क्रमाने हे विवेचन केले आहे.

हा उपचार कोणासाठी?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात गावाहून येऊन तीन पाळ्यांत राबणारी असंख्य माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणास नैराश्याने ग्रासले, तर घरचे त्यास आळस समजतात किंवा बाहेरची बाधा मानतात. ‘येरवड्याला पाठवा’ ही आपल्याकडची थट्टा तर सर्वपरिचित आहे. तिच्या धाकाने माणूस डॉक्टरांकडे जाण्याचे टाळतो आणि आजार बळावतो.

नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना औषधे व समुपदेशन यांनी आराम पडतो. त्यांना ईसीटीची गरज नसते. मात्र रुग्णाने अन्नपाणी सोडले, तो पुतळ्यासारखा निश्चल झाला, आत्महत्येचा विचार अनावर झाला किंवा औषधे निष्फळ ठरली, तर हा उपचार सुचविला जातो. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि अशा रुग्णाच्या बाबतीत तेवढा काळ हाती असेलच असे नाही.

उपचार कसा होतो?

१९३८ साली रोम येथे सेर्लेत्ती व बिनी या डॉक्टरांनी हा उपचार प्रथम केला. आरंभीच्या काळात तो भुलीविना दिला जाई. आकडीच्या जोराने हाडेही मोडत. चित्रपटांनी तेच दृश्य लोकांच्या मनावर ठसविले. आज रुग्णास उपाशीपोटी आणून भूल दिली जाते, स्नायू शिथिल करणारे औषध टोचले जाते आणि प्राणवायू सुरू ठेवला जातो. त्यानंतर कपाळापाशी लावलेल्या विद्युताग्रांतून एक अँपिअरहून कमी प्रवाह काही सेकंद सोडतात. मेंदूत साधारण अर्धा ते एक मिनिट आकडी येते. शरीर जवळजवळ स्थिर असल्याने ती मेंदूच्या आलेखावर पाहावी लागते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे एकूण सहा ते बारा उपचार बहुधा पुरतात. भुलीची जोखीम असतेच. तथापि मृत्यूचे प्रमाण एक लाख उपचारांमागे सुमारे दोन इतके अल्प आहे.

मेंदूत काय घडते?

गुण विजेने येत नाही. तिच्यामुळे येणाऱ्या नियंत्रित आकडीने येतो. आकडी थांबविण्यासाठी मेंदू स्वतःची शमन करणारी यंत्रणा जागी करतो. उपचारांच्या क्रमात पुढील आकडी आणण्यास उत्तरोत्तर अधिक प्रवाह लागतो, तो बहुधा यामुळेच. शिवाय मेंदूतील रासायनिक संदेशवाहक व संप्रेरके यांत बदल होतात आणि पेशींच्या वाढीस पोषक द्रव्यांना चालना मिळते. भावना व स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचे आकारमान उपचारानंतर वाढल्याचे एमआरआय तपासण्यांत आढळले आहे. मात्र ही वाढ आणि रुग्णाची सुधारणा यांचा थेट मेळ अद्याप बसलेला नाही. मेंदूच्या पेशी ‘जळतात’ ही समजूत मात्र तपासण्यांत खरी ठरलेली नाही.

स्मरणशक्तीचे काय?

हा प्रश्न झाकून ठेवणे योग्य नव्हे. शुद्धीवर आल्यावर काही काळ गोंधळ उडतो, डोके दुखते. नवे लक्षात ठेवण्यातील अडचण बहुधा काही आठवड्यांत दूर होते. परंतु उपचारापूर्वीच्या काही महिन्यांतील आठवणी काहींच्या बाबतीत कायमच्या पुसट होतात. डोक्याच्या एकाच बाजूस विद्युताग्रे लावल्यास हा त्रास कमी होतो. निर्णयापूर्वी डॉक्टरांशी याबाबत अवश्य बोलावे.

कायदा काय सांगतो?

भुलीविना ईसीटी देण्याविरुद्ध आपल्या देशात दीर्घकाळ आवाज उठविला गेला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये भूल व स्नायू शिथिल करणारे औषध यांवाचून हा उपचार देण्यास मनाई आहे. अल्पवयीन रुग्णासाठी पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. संमतीवाचून करता येणाऱ्या तातडीच्या उपचारांतूनही ईसीटी वगळण्यात आली आहे. म्हणून सही करण्यापूर्वी शंका विचारणे हा रुग्णाचा व नातेवाइकांचा हक्क आहे.

बरे वाटल्यानंतर

सर्वाधिक घात येथेच होतो. गुण आला की औषधे बंद केली जातात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ईसीटीने बऱ्या झालेल्यांपैकी औषधविरहित गोळी घेणाऱ्या ८४ टक्के रुग्णांचा आजार सहा महिन्यांत उलटला. नॉरट्रिप्टिलीन व लिथियम ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होते. कारखान्यातील पाळी चुकू नये म्हणून तपासणी टाळणाऱ्या कुटुंबांनी हे दोन आकडे ध्यानी ठेवावेत.

देणगीदारांस विनंती अशी की, या उपचाराचा खर्च विजेच्या यंत्रापुरता नसतो. भूलतज्ज्ञ, प्राणवायू आणि शुद्धीवर येईपर्यंत उशाशी थांबणारी परिचारिका यांचाही त्यात मोठा वाटा असतो. आपले साहाय्य तेथे कारणी लागते. आणि आपल्या घरात वा शेजारी कोणी जगण्यालाच कंटाळल्याचे बोलत असेल, तर १४४१६ हा शासनाचा ‘टेली मानस’ क्रमांक विनाशुल्क व अहोरात्र उपलब्ध आहे. त्यावर संपर्क साधण्यास संकोच करू नये, ही नम्र विनंती.