नदीच्या खालच्या अंगाला कोण राहते?



मोरीतले पाणी गटारात गेले की आपण ते विसरतो. पण ते कुठेतरी पोचतेच. या पाठात आपण त्या पाण्याची वाट पाहणार आहोत.

आपली नदी

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटवरून तिरोडा तालुक्याच्या कडेने भंडाऱ्याकडे जाते. पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली.

नागपूरचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. म्हणून महानगराची घाण गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. वाहते पाणी हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःला थोडेफार सावरते. अडलेल्या पाण्याला ते जमत नाही. तिथे जलपर्णी माजते आणि मासे गुदमरतात. याची झळ मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर बांधवांना आणि नदीचे पाणी पिणाऱ्या गावांना बसते.

नागपूरकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण आपणही भंडारा, पवनीच्या वरच्या अंगालाच राहतो.

पाणी शुद्ध कसे होते?

प्रक्रिया केंद्रात आधी जाळीवर चिंध्या व प्लास्टिक अडते. मग वाळू आणि गाळ खाली बसतो. त्यानंतर टाकीत हवा सोडतात आणि सूक्ष्म जंतू पाण्यातली घाण खातात. हेच काम ते नदीतही करतात, पण तिथे माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपवून. केंद्रात तो आपण बाहेरून पुरवतो. शेवटी जंतूंचा गाळ वेगळा करून पाणी निर्जंतुक करतात.

जंतूंना लागणाऱ्या या प्राणवायूवरून घाण मोजतात. स्नानायोग्य नदीत हे माप लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

शुद्ध केलेले पाणी वाया जात नाही

नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातले प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल, तर ते पाणी वापरावे, असे केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणात सांगितले आहे. आपल्याच तालुक्यात ३,३०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

आपण काय करू शकतो?

- सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी. गाळाने भरलेली टाकी मैला तसाच पुढे सोडते.
- उपसणारी गाडी मैला कुठे रिकामा करते, हे विचारावे. नाल्यात टाकू देऊ नये.
- मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करावा, मात्र विहीर व बोअरवेलपासून दूर.
- उरलेले तेल, जुनी औषधे, सॅनिटरी पॅड मोरीत किंवा संडासात टाकू नयेत.
- नगर परिषदेकडे रस्त्याइतक्याच आग्रहाने सांडपाण्याचीही विचारणा करावी.

घरी चर्चेसाठी

१. आपल्या घरातले पाणी शेवटी कोणत्या नाल्याला मिळते?
२. आपली टाकी शेवटची कधी उपसली?
३. वरच्या गावाने आपल्यासाठी कसे पाणी सोडावे असे आपल्याला वाटते? मग खालच्या गावासाठी आपण तसेच सोडतो का?