अंगावर काढू नये असे दुखणे

पाचगणीची थंड, कोरडी हवा क्षयरोग्यांना मानवते म्हणून येथे ‘बेल-एअर’सारखे आरोग्यधाम उभे राहिले. संध्याकाळचा ताप आणि न थांबणारा खोकला यांचा अर्थ आमच्याकडे बहुतेकांना ठाऊक असतो. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची लक्षणे मी ओळखीच्या बायकांना विचारली, तेव्हा कोणी बोलेना. म्हणून हा लेख.

स्त्रियांच्या जननेंद्रियांचे कर्करोग प्रामुख्याने तीन ठिकाणी होतात : गर्भाशयाचे तोंड, गर्भाशयाचे अस्तर आणि बीजांडकोश. आपल्या देशात यांपैकी पहिल्याचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. त्याचे मूळ कारण म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू. शरीरसंबंधातून होणारा हा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांना धोका असतो. लहान वयातील लग्न, पुष्कळ बाळंतपणे, धूम्रपान व घटलेली प्रतिकारशक्ती यांनी तो वाढतो. यात चारित्र्याचा प्रश्न मुळीच नाही. एकाच जोडीदाराशी संसार करणाऱ्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो.

दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर अंगावरून रक्त जाणे, तसेच दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही त्याची मुख्य लक्षणे. पाळी गेल्यावरचा रक्तस्राव हे अस्तराच्या कर्करोगाचेही लक्षण आहे. लठ्ठपणा व मधुमेह असणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. बीजांडकोशाचा रोग मात्र फसवा. पोट फुगते, दोन घासांत भरते आणि आपण अपचन समजतो. आई किंवा बहिणीला बीजांडकोशाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना जरूर सांगावे.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग सावकाश वाढतो. पेशी बिघडू लागल्यापासून रोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. या काळात काहीही दुखत नाही. पण तपासणीत बिघाड सापडतो व साध्या उपचाराने बरा होतो. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

आता लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ला २०२२ साली परवानगी मिळाली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना लस अधिक उपयोगी पडते. आपल्या वयातही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. मात्र लस घेतली तरी पुढे तपासणी चुकवू नये.

आपल्या आया दुखणे अंगावर काढतात. काही होत नसताना दवाखान्यात कशाला जायचे, असे त्या म्हणतील. काही होत नसतानाच जायचे असते, हे त्यांना समजावणे आपले काम आहे. मुलींचे आणि मुलांचेही.