हिरवा ठिपका पाहून जबान देऊ नका

मुरुडच्या बाजारपेठेतील दुकानदार आणि पर्यटकांना घरगुती खोल्या देणारे आपले बांधव यांच्यापुढे अलीकडे एक नवा सवाल येऊ लागला आहे. जंजिरा पाहायला आलेला पाहुणा न्याहारीसाठी कॉर्नफ्लेक्स मागतो आणि विचारतो, "हे व्हीगन आहे का?" आपला माणूस खोक्यावरचा हिरवा ठिपका दाखवतो, "शुद्ध शाकाहारी आहे, साहेब" म्हणतो आणि मोकळा होतो. आमच्या मते चूक होते ती येथेच.

व्हीगन माणूस मांस-मच्छी तर खात नाहीच, पण दूध, तूप, अंडी आणि मधही वर्ज्य मानतो. आपल्या कायद्यातला शाकाहार मात्र निराळा आहे. मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मेण आणि लाख वगळलेली आहेत. म्हणजे मध घातलेल्या कॉर्नफ्लेक्सवरही हिरवा ठिपका असतो आणि तो कायदेशीरच असतो. ठिपका खोटे बोलत नाही. आपणच त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर समजतो.

आता मूळ पदार्थ पाहू. अमेरिकेत बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामात मांसाविना आहार दिला जाई. हे चपटे दाणे तेथलेच. त्यांचे धाकटे बंधू विल यांनी १९०६ मध्ये कंपनी काढली. १९९४ च्या सुमारास ही कंपनी भारतात उतरली आणि कारखान्यासाठी तिने आपल्याच रायगड जिल्ह्यातील तळोजा निवडले. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये मुख्यतः मका, साखर, मीठ आणि जवाचा माल्ट. यात प्राण्याचे काही नाही. सवाल उभा राहतो तो वरून घातलेल्या जीवनसत्त्वांचा.

‘ड’ जीवनसत्त्वाचा डी-३ हा प्रकार बहुधा लॅनोलिनपासून, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध पदार्थापासून तयार करतात. ब्रिटनमध्ये याच कारणावरून कॉर्नफ्लेक्ससारखा साधा पदार्थही व्हीगन मंडळींनी अनेक वर्षे बाजूला ठेवला. दगडफुलापासून केलेला डी-३ आणि सामान्यतः यीस्टपासून केलेला डी-२ त्यांना चालतो. पण खोक्यावर नुसते ‘जीवनसत्त्व ड’ लिहिले असेल तर दुकानदाराला उगम कसा कळणार? दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये घटक वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हे पूर्ण उघड करावे, असा आदेश दिला, तो अशाच संदिग्धतेमुळे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आहेत. मंजुरी मिळालेल्या मालावर हिरव्या चौकटीत इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर पान असे चिन्ह असते. ते असेल तरच बेधडक ‘हो’ म्हणावे. असा माल इतर मालापासून वेगळा ओळखू येईल असा मांडावा, अशीही नियमात अपेक्षा आहे. दुसरी गोष्ट, चिन्ह नसेल तर घटकांची यादी वाचावी. दूध, दूध पावडर, मध, जिलेटिन दिसले की उत्तर ‘नाही’. नुसते ‘जीवनसत्त्व ड’ दिसले तर "उगम लिहिलेला नाही, कंपनीला विचारून सांगतो" एवढेच म्हणावे. तिसरी गोष्ट खोलीवाल्यांसाठी: कॉर्नफ्लेक्स बरणीत ओतले तरी खोके फेकू नये. पाहुण्याने मागितले तर दाखवायला हाताशी काहीतरी हवे.

येथे आपल्या वाचकांनी एक घोटाळा टाळावा. व्हीगन आणि हलाल एक नव्हेत. व्हीगन पदार्थात मद्यार्क वापरलेला असू शकतो. उलट दूध आणि मध हलाल असूनही व्हीगन नाहीत. एका चिन्हावरून दुसऱ्याची खात्री देऊ नये.

आणि इतके करूनही शंका उरली तर? आपले स्वयंपाकघर काय कमी आहे! तांदळाच्या पिठाची, पाणी-मीठ आणि तेलावर केलेली घावने, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. तूप-लोणी टाळले की ही न्याहारी अथपासून इतिपर्यंत व्हीगन. नारळ वाडीतला, गिरणी गावातली, आणि काय घातले ते आपल्या डोळ्यांदेखत. पाहुणा खोक्यातले दाणे मुंबईतही खातो. घावने खायला तो पुन्हा मुरुडला येईल.

हलाल-हरामची चौकशी आपणही परमुलखात करतो. तेव्हा समोरच्याने "चालतंय हो" म्हणून वेळ मारून नेली तर आपल्याला कसे वाटते, हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाइकाचा विश्वास ही अमानत आहे. ठाऊक नसेल तेव्हा ‘ठाऊक नाही’ म्हणण्याने एखादे खोके कमी खपेल, पण दुकानाचा शब्द शाबूत राहील.